वायली कॉलेजची वादसभा

न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला. उन्हाळ्याच्या संध्याकाळी चार माणसांनी एकत्र बसावे, एकाने बोलावे, इतरांनी ऐकावे, आणि घरी जाताना ऐकलेल्या गोष्टीवर विचार करावा, हा त्यामागील साधा हेतू. त्याआधी दोनच वर्षे, म्हणजे १८७३ साली, जोतीराव फुल्यांनी आपली ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केली आणि ती अमेरिकेतील गुलामांना दास्यमुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केली. त्याच १८७३ साली अमेरिकेत, टेक्सास संस्थानाच्या पूर्व भागातील मार्शल नावाच्या गावी, मुक्त झालेल्या गुलामांच्या मुलांसाठी एक लहानसे विद्यालय निघाले. त्याचे नाव वायली कॉलेज. पुण्याला मार्शलची आणि मार्शलला पुण्याची वार्ताही नसेल. पण ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या बोलू दिले नाही त्यांनी बोलायला शिकले पाहिजे, ही जाणीव एकाच सुमारास दोन गोलार्धांत जागी झाली होती, एवढे मात्र यावरून दिसते. या वायली कॉलेजच्या वादविवाद मंडळाची हकीकत आज आम्ही सांगणार आहोत.

हे कॉलेज स्थापन केले मेथडिस्ट पंथाच्या चर्चने आणि त्याला नाव दिले बिशप आयझॅक वायली यांचे. ख्रिस्ती धर्मसंस्था आणि वादविवाद यांचा संबंध ऐकून काही श्रोत्यांस नवल वाटेल. कारण धर्म म्हटला की श्रद्धा आणि वाद म्हटला की शंका, अशी आपली समजूत असते. परंतु मेथडिस्ट पंथाचे आद्य प्रवर्तक जॉन वेस्ली हे अठराव्या शतकात ऑक्सफर्डच्या लिंकन कॉलेजात विद्यार्थ्यांच्या वादसभांचे नियामक होते. प्रतिपक्षाच्या युक्तिवादातील हेत्वाभास चटकन ओळखण्याची सवय त्या कामातून आपणांस लागली, असे ते पुढे सांगत. ज्या पंथाला गावोगाव हिंडून उपदेश करणारे वक्ते हवे होते, त्याने आपल्या विद्यालयांत वक्तृत्वाला मानाचे पान द्यावे हे स्वाभाविकच होते.

आपल्याकडील न्यायशास्त्राने चर्चेचे तीन प्रकार मानले आहेत. तत्त्वनिर्णयासाठी होतो तो वाद. विजयासाठी होतो तो जल्प. आणि स्वतःचा पक्षच न मांडता केवळ दुसऱ्याचे खंडन करीत सुटणे ही वितंडा. या कसोटीवर पाहिले तर कॉलेजांतील वादविवाद स्पर्धा हा सरळसरळ जल्प होय. विषय आधी ठरतो, एका संघाच्या वाट्याला अनुकूल बाजू येते, दुसऱ्याच्या वाट्याला प्रतिकूल. आज ज्या बाजूने बोललो तिच्या विरुद्ध उद्या बोलावे लागते. परीक्षक निर्णय देतात तो कोणी चांगले मांडले याचा. खरे काय याचा नव्हे. अशा खेळातून सत्याची चाड असलेली माणसे निर्माण होतात, की केवळ जिभेची धार वाढते, हा प्रश्न जुना आहे आणि रास्तही आहे. वायली कॉलेजच्या इतिहासाकडे आम्ही वळलो ते याच प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी.

१९२३ साली मेल्विन टॉलसन नावाचे पंचविशीतले तरुण शिक्षक इंग्रजी आणि वक्तृत्व शिकवण्यासाठी वायलीत आले. ते मेथडिस्ट धर्मोपदेशकाचे चिरंजीव. पुढे कवी म्हणून त्यांनी मोठे नाव मिळवले. दुसऱ्याच वर्षी त्यांनी कॉलेजात वादविवाद मंडळ उभे केले. त्यांची शिकवण्याची रीत कडक होती. संध्याकाळी मुले त्यांच्या घरी जमत आणि तालीम रात्री उशिरापर्यंत चाले. प्रतिपक्ष कोणकोणते मुद्दे आणू शकेल, त्या प्रत्येकावर आपले उत्तर काय, त्या उत्तरावर त्याचे प्रत्युत्तर काय, हे सारे बुद्धिबळातील डावांप्रमाणे आधीच मांडून पाहिले जाई. शब्द कोठे थांबवावा, आवाज कोठे उतरवावा, हात केव्हा उचलावा, हेसुद्धा ते शिकवीत. आधार दाखवल्यावाचून केलेले विधान त्यांच्यापुढे टिकत नसे. आपल्याकडे नावाजलेला तालीममास्तर नाटक बसवताना जी मेहनत घेई, तिचीच आठवण व्हावी अशी ही मेहनत होती.

आता ही मेहनत कोणत्या भूमीवर चालली होती ते पाहिले पाहिजे. ज्या हॅरिसन परगण्यात मार्शल गाव वसले आहे तेथे जमावाने कृष्णवर्णीयांना ठार मारल्याच्या घटना घडलेल्या होत्या. शाळा वेगळ्या, आगगाडीचे डबे वेगळे, पाणी पिण्याच्या जागा वेगळ्या. स्पर्धेसाठी प्रवासाला निघालेल्या या मुलांना वाटेत हॉटेलात खोली मिळत नसे. भोजनगृहात बसू देत नसत. ओळखीच्या कृष्णवर्णीय कुटुंबांकडे किंवा त्यांच्या कॉलेजांत मुक्काम करावा लागे. व्यासपीठावर ज्यांनी आंतरराष्ट्रीय राजकारणावर बोलायचे, त्यांना रस्त्यावर एक पेला पाणी मागण्याचीही चोरी, अशी ती विपरीत अवस्था होती.

सुरुवातीला त्यांच्या स्पर्धा फक्त कृष्णवर्णीयांच्या कॉलेजांशी होत. गोऱ्या विद्यार्थ्यांनी काळ्या विद्यार्थ्यांसमोर समान वेळ आणि समान नियम स्वीकारून उभे राहणे, ही गोष्टच त्या समाजरचनेत बसत नव्हती. १९३० साली ही कोंडी फुटली. त्या वर्षी शिकागो येथे मिशिगन विद्यापीठाच्या कायद्याच्या विद्यार्थ्यांशी वायलीच्या संघाचा सामना झाला. त्या संघात हेन्रिएटा बेल ही पहिल्या वर्षाची विद्यार्थिनी होती; मंडळातील ती एकटीच मुलगी. पुढे फोर्ट वर्थ येथील टेक्सास ख्रिश्चन विद्यापीठानेही वायलीच्या संघाला आपल्या व्यासपीठावर घेतले. ख्रिस्ती म्हणवणारी दोन विद्यालये एकाच प्रांतात असून परस्परांसमोर उभी राहावयास इतकी वर्षे लागावीत, यातच त्या काळाचे चित्र उमटले आहे.

एप्रिल १९३५ मध्ये या मंडळाने सर्वांत मोठा सामना खेळला. टॉलसन आणि त्यांचे विद्यार्थी पश्चिमेकडे निघाले आणि लॉस एंजेलिस येथे सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संघासमोर उभे राहिले. तो संघ त्या वेळी राष्ट्रीय विजेता होता आणि विद्यापीठ आकाराने व संपत्तीने वायलीच्या कितीतरी पट मोठे. त्या हंगामात देशभरच्या कॉलेजांपुढे एकच विषय होता: राष्ट्राराष्ट्रांमधील शस्त्रास्त्रांची निर्यात करार करून थांबवावी किंवा काय. वायलीतर्फे होबार्ट जॅरेट आणि हेन्री हाइट्स बोलले, आणि खेड्यातील त्या लहानशा कॉलेजाने विजय मिळवला. जेम्स फार्मर नावाचा पंधरा वर्षांचा मुलगा या मंडळात राखीव म्हणून तयार होत होता. त्याच्याकडे आपण पुढे वळणार आहोत.

या सामन्यावर २००७ साली डेन्झेल वॉशिंग्टन यांनी काढलेला चित्रपट पुष्कळांनी पाहिला असेल. त्यात प्रतिपक्ष म्हणून हार्वर्ड विद्यापीठ दाखवले आहे. कलावंतास तेवढी मोकळीक असू शकते. परंतु इतिहास सांगताना नाव सदर्न कॅलिफोर्नियाचेच घेतले पाहिजे. दुसरी एक गोष्ट त्याहूनही महत्त्वाची आहे. वायलीने राष्ट्रीय विजेत्यांना हरवले. पण म्हणून वायली राष्ट्रीय विजेता ठरला नाही. कारण ज्या ‘पाय कॅपा डेल्टा’ या संस्थेच्या स्पर्धेतून विजेता ठरे, तिच्यात कृष्णवर्णीयांना प्रवेशच नव्हता. तो दुसऱ्या महायुद्धानंतर मिळाला. जिंकण्याची मुभा होती, पण जिंकल्याची नोंद व्हावयाची नव्हती. वादात नियम सारखे असले तरी वादाबाहेरचे जग सारखे नसते, हा धडा या मुलांना कोणत्याही पुस्तकापेक्षा अधिक स्पष्ट मिळाला असावा.

आता त्या राखीव मुलाविषयी. जेम्स फार्मर यांचा जन्म १९२० साली मार्शल येथेच झाला. वडील धर्मशास्त्राचे विद्वान, बोस्टन विद्यापीठाचे डॉक्टर आणि वायलीतील प्राध्यापक. मुलाने चौदाव्या वर्षी कॉलेजात पाऊल टाकले आणि १९३८ साली पदवी घेतली. पुढे वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात त्यांनी धर्मशास्त्राचा अभ्यास केला आणि १९४१ साली तो पुरा केला. वडिलांप्रमाणे त्यांनी मेथडिस्ट धर्मोपदेशक व्हावे, हे सर्वांनी गृहीत धरले होते. परंतु दीक्षा घेण्यास त्यांनी नकार दिला. कारण असे की, गुलामगिरीच्या प्रश्नावर १८४४ साली दुभंगलेला हा पंथ १९३९ साली पुन्हा एक झाला, तेव्हा त्याने कृष्णवर्णीयांच्या चर्चेससाठी एक वेगळा विभाग करून ठेवला. तो १९६८ पर्यंत टिकला. ज्या चर्चने बोलायला शिकवले त्याच चर्चला या विद्यार्थ्याने ‘आपले म्हणणे आणि आपली करणी यांत विसंगती आहे’ असे दाखवून दिले. हेत्वाभास ओळखण्याची वेस्लीची शिकवण वेस्लीच्या पंथावरच उलटली, असे म्हणावयास हरकत नाही.

हॉवर्डमध्ये फार्मर यांचे गुरू होते हॉवर्ड थर्मन. या थर्मन यांनी १९३६ च्या फेब्रुवारीत बारडोली येथे महात्मा गांधींची भेट घेतली होती. त्यांच्यामुळे सत्याग्रहाचा विचार फार्मर यांच्यापर्यंत पोहोचला. दांडीयात्रेत भाग घेतलेले कृष्णलाल श्रीधराणी यांचा अहिंसक युद्धतंत्रावरील इंग्रजी ग्रंथ १९३९ साली निघाला होता. तोही फार्मर यांच्या मंडळींनी अभ्यासाला घेतला. १९४२ साली शिकागोत त्यांनी सहकाऱ्यांसह वांशिक समतेसाठी एक संघटना स्थापन केली. काळ्यागोऱ्या कार्यकर्त्यांनी मिळून उपाहारगृहात जाऊन बसावे आणि वाढले जाईपर्यंत उठू नये, हे तिचे आरंभीचे साधन. १९२७ साली महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. आंबेडकरांनी जे केले ते ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या साधनाचा अर्थ वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही.

४ मे १९६१ रोजी याच संघटनेच्या स्वातंत्र्ययात्रा सुरू झाल्या. गोरे आणि काळे प्रवासी एकाच बसमध्ये शेजारी बसून दक्षिणेकडे निघाले. अलाबामात एक बस जाळण्यात आली, प्रवाशांना मारहाण झाली. स्वतः फार्मर मिसिसिपीत पकडले गेले आणि त्यांनी तुरुंगवास भोगला. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरपासून आंतरराज्य बसप्रवासातील पंक्तिभेद बंद करणारा सरकारी नियम लागू झाला. याच काळात फार्मर माल्कम एक्स यांच्याशी जाहीर व्यासपीठांवर वाद करीत होते. समाज एक करावा की कृष्णवर्णीयांनी वेगळे व्हावे, हा तो विषय. येथे बाजू नाणे उडवून वाट्याला आलेली नव्हती. विजयासाठी शिकलेला जल्प आता तत्त्वासाठी केलेला वाद झाला होता.

टॉलसन यांचे आणखी एक विद्यार्थी हेमन स्वेट. टेक्सास विद्यापीठाच्या कायदा महाविद्यालयाने केवळ वर्णामुळे प्रवेश नाकारला म्हणून त्यांनी १९४६ साली दावा लावला. राज्य सरकारने घाईघाईने कृष्णवर्णीयांसाठी वेगळे महाविद्यालय काढून दिले. परंतु १९५० साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने स्वेट यांच्या बाजूने निर्णय दिला. त्यात एक विचार असा होता की, ज्यांच्याशी पुढे वकिलाला व्यवहार करावयाचा त्यांच्यापासून वेगळे ठेवून, विचारांची देवघेव तोडून, कायद्याचे शिक्षण खऱ्या अर्थाने देता येत नाही. पंधरा-वीस वर्षांपूर्वी टॉलसन यांची मुले शिकागोच्या आणि लॉस एंजेलिसच्या व्यासपीठांवर जे करून दाखवत होती, ते याहून वेगळे काय होते? न्यायाधीशांनी शब्दांत मांडले ते त्यांनी आधीच आचरणात आणले होते.

तेव्हा मूळ प्रश्नाचे उत्तर काय? वादविवाद स्पर्धेने अमेरिकेतील वर्णभेद मोडला, असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. तो मोडण्यासाठी तुरुंग, मारहाण, खटले आणि हजारो अनाम माणसांचे धैर्य लागले. मंडळातील सर्वच मुले लढ्यात उतरली असेही नाही. जॅरेट इंग्रजीचे प्राध्यापक झाले, हेन्रिएटा बेल यांनी समाजसेवा पत्करली. परंतु दोन्ही बाजूंनी बोलण्याच्या सवयीने एक गोष्ट निश्चित घडते. प्रतिपक्षाचे म्हणणे त्याच्याइतक्याच जोराने मांडता आल्यावाचून आपले म्हणणे आपल्यालाच पुरते कळलेले नसते. हे ज्याला कळले तो विरोधकाला शत्रू न मानता लढू शकतो. सत्याग्रहीच्या अंगी नेमका हाच गुण लागतो. फार्मर यांच्या ठायी तो होता आणि त्याची मशागत टॉलसन यांच्या घरच्या तालमीत झाली होती, असे आमचे मत आहे.

टॉलसन १९४७ साली वायली सोडून ओक्लाहोमात लँग्स्टन विद्यापीठात गेले. १९६६ साली ते वारले. त्यांच्यामागे थंडावलेले मंडळ चित्रपटानंतर मिळालेल्या देणगीतून २००८ साली पुन्हा सुरू झाले. आपल्या गावांतही दरवर्षी वक्तृत्वस्पर्धा होतात, ढाली आणि पेले वाटले जातात, मुले पाठ केलेली भाषणे म्हणून टाळ्या घेतात. या स्पर्धा जरूर व्हाव्यात. फक्त परीक्षकांनी निकाल सांगण्यापूर्वी प्रत्येक मुलास एक प्रश्न अवश्य विचारावा: बाळ, तुझ्या विरुद्ध बाजूचा सर्वांत बळकट मुद्दा कोणता? ज्याला तो नीट सांगता येईल, त्याला पेला मिळो वा न मिळो, त्याचे शिक्षण मात्र सुरू झाले असे खुशाल समजावे.