सेनापतीवाचून सेना

सैन्य नसेल तर शेजारी राष्ट्र गिळून टाकील, ही एक भीती. आणि सैन्य प्रबळ झाले तर तेच घरधनी होऊन बसेल, ही दुसरी. लहान राष्ट्रास या दोन्ही भयांमधून वाट काढावी लागते. स्वित्झर्लंडने ती कशी काढली, हे पाहणे बोधप्रद आहे.

१८४७ च्या नोव्हेंबरात तेथील कँटनांत, म्हणजे घटक राज्यांत, यादवी पेटली. संघपक्षाचा सेनापती दुफूर याने ती महिन्याच्या आत संपविली. उभयपक्षी मिळून सुमारे शंभरच माणसे कामी आली. जखमी शत्रूचीही शुश्रूषा व्हावी, अशी त्याची आज्ञा होती. पुढील वर्षी जी राज्यघटना झाली तिने मध्यवर्ती सत्तेस खडे सैन्य बाळगण्याचा अधिकारच नाकारला. कोणत्याही कँटनास परवानगीवाचून ३०० हून अधिक कायम शिपाई ठेवता येत नसत. मग देशाचे रक्षण कोणी करावयाचे? ज्याचा देश, त्यानेच.

तीच परंपरा आजही चालू आहे. युद्ध टाळणे, देशाचे व प्रजेचे रक्षण करणे आणि संकटसमयी मुलकी सत्तेस साहाय्य देणे, ही सेनेची कामे घटनेनेच नेमून दिली आहेत. पुरुषांस सेवा सक्तीची, स्त्रियांस ऐच्छिक. प्रथम १८ आठवड्यांचे शिक्षण, नंतर तीन-तीन आठवड्यांच्या सहा उजळण्या. मधल्या काळात शिपाई आपल्या शेतावर, दुकानात वा कचेरीत असतो. त्याची रायफल बहुधा घरच्या कपाटात. पगारी सैनिकांचा वर्ग लहान असून त्याचे मुख्य काम शिकविण्याचे.

सर्वांत मार्मिक व्यवस्था सेनापतिपदाची. शांततेच्या काळात 'जनरल' ही पदवी कोणासही नसते. मोठी सैन्यभरती करण्याची वेळ आली, तरच संसद मतदानाने जनरल निवडते. दुफूरपासून आजवर हा मान अवघ्या चौघांस मिळाला. देवस्थानाच्या तिजोरीच्या किल्ल्या एकाच हाती असू नयेत, हे आपल्या महाजनांस सांगावयास नको; तोच विवेक येथे आहे.

३० ऑगस्ट १९३९ रोजी संसदेने आंरी गिझाँ यास जनरल निवडले. तीन-चार दिवसांत सुमारे ४ लाख ३० हजार नागरिक शस्त्रे घेऊन हजर झाले. फ्रान्स पडल्यावर, २५ जुलै १९४० रोजी, गिझाँने रुत्ली येथील कुरणात आपले अधिकारी जमविले आणि आल्प्सच्या दुर्गम भागात अखेरपर्यंत झुंजण्याचा निश्चय सांगितला. १९४५ च्या ऑगस्टात तो पायउतार झाला. पद तात्पुरते होते, तात्पुरतेच राहिले.

आम्ही हे चित्र केवळ उजळ रंगांनी रंगवू इच्छीत नाही. ९ नोव्हेंबर १९३२ रोजी जिनिव्हा येथे, उजव्या पक्षाच्या सभेविरुद्ध जमलेल्या निदर्शकांवर शिकाऊ शिपायांनी गोळ्या झाडल्या. तेरा माणसे मेली. शिपाई नागरिक असला म्हणजे अन्याय होणारच नाही, असे नव्हे. हुकूम देणाऱ्याचा विवेकही जागा हवा. काटकसरही कधी अंगलट येते. १७ फेब्रुवारी २०१४ रोजी पहाटे एक अपहृत विमान जिनिव्हास उतरले, तेव्हा स्विस लढाऊ विमाने कचेरीच्याच वेळात सज्ज असत. सोबत करावी लागली ती परक्यांच्या विमानांना. ही उणीव २०२० च्या अखेरीस भरून निघाली.

तरीही एक गोष्ट आम्हांस मोठी वाटते. सेना मुळात हवी की नको, हा प्रश्न १९८९ मध्ये थेट जनतेपुढे ठेवला गेला. ३५.६ टक्के मते सेना मोडण्याच्या बाजूने पडली, सेना राहिली. २०१३ मध्ये सक्तीच्या सेवेबद्दल पुन्हा कौल झाला आणि सुमारे ७३ टक्के लोकांनी ती राखली. ज्या सेनेस आपले अस्तित्वही प्रजेकडे मागून घ्यावे लागते, ती प्रजेची धनीण होणे कठीण. लहान राष्ट्राचे खरे बळ या मागून घेण्यात आहे, असे आम्ही समजतो.