असईचा सेनापती, ब्रिटनचा पंतप्रधान

२३ सप्टेंबर १८०३. केळणा आणि जुई नद्यांच्या संगमाजवळ असईला इंग्रज सेनापती आर्थर वेलस्ली शिंदे-भोसल्यांच्या फौजेला भिडला. वाटाडे म्हणाले, नदीला उतार नाही. पण समोरासमोरच्या काठांवर दोन गावे दिसताच त्याने ताडले, उतार असणारच, आणि निघाला! शिंद्यांच्या तोफांनी मात्र त्याला जेरीस आणले. त्याचा एक घोडा गोळीने पडला, दुसऱ्याला भाला लागला. त्याची दीड हजारांहून अधिक माणसे मेली वा जखमी झाली.

पुढे १८१५ मध्ये त्याने प्रशियाच्या साथीने वॉटर्लूवर नेपोलियनला हरवले. १८२८ मध्ये पंतप्रधान झाला. कॅथलिकांना संसद खुली केली, मतदानसुधारणा मात्र धुडकावल्या. १८३० मध्ये सत्ता गेली.

सर्वोत्तम कामगिरी कोणती, असे विचारल्यावर त्याने नाव घेतले ते असईचे.