एका रात्रींतली बडतर्फी

ही हकीकत १९३८ च्या जुलै महिन्यांतील, नागपुरची आहे. मध्यप्रांत-वऱ्हाडांत तेव्हां काँग्रेसचें प्रधानमंडळ असून डॉ. नारायण भास्कर खरे मुख्य प्रधान होते. मंडळांत मराठी मुलुख व हिंदी महाकोशल असे दोन तट पडलेले. मे महिन्यांत पचमढीस पक्षश्रेष्ठींसमक्ष घडलेली दिलजमाई दोन महिनेहि टिकली नाहीं.

२० जुलै रोजीं खऱ्यांनीं गव्हर्नर सर फ्रान्सिस वायली यांजकडे राजीनामा दिला व सहकाऱ्यांसहि तो देण्यास सांगितलें. गोळे व देशमुख यांनीं दिला. रविशंकर शुक्ल, द्वारकाप्रसाद मिश्र व दुर्गाशंकर मेहता यांनीं मात्र श्रेष्ठींच्या आज्ञेवांचून अधिकार सोडण्यास नकार दिला. वायलीसाहेबांनीं त्या आज्ञेची वाट पाहिली नाहीं. रात्र सरते न सरते तोंच तिघे बडतर्फ झाले, आणि २१ तारखेस खऱ्यांच्या नव्या मंडळानें शपथहि घेतली!

कायदा गव्हर्नरांच्या बाजूस होता, हें नाकारतां येत नाहीं. १९३५ च्या कायद्याचें ५१ वें कलम सांगे कीं, मंत्री गव्हर्नरांची मर्जी असेपर्यंतच अधिकारावर राहतील. मुख्य प्रधानामागोमाग सर्व मंडळानें जावें, हा विलायती संकेतहि त्यांना आधारास होता. मग अधिकाराच्या दुरुपयोगाचा आरोप कशावरून? गव्हर्नर दैनंदिन कारभारांत ढवळाढवळ करणार नाहींत, असा खुलासा व्हाइसरॉयांनीं जून १९३७ मध्यें केला, त्यानंतरच काँग्रेसनें अधिकारग्रहण केलें होतें. त्या भरंवशाची ही परीक्षा होती. वर्ध्यास भरलेल्या वर्किंग कमिटीनें गव्हर्नरांच्या या अशोभनीय घाईचाच निषेध केला; खऱ्यांनाहि तिनें दोषी ठरविलें. आमच्या मतें घाईविषयींचा ठपका रास्त होता. परंतु मुख्य प्रधानानें आपले सहकारी निवडावे कीं पक्षश्रेष्ठींनीं, हा खऱ्यांचा सवालहि पोकळ नव्हता. त्याला वर्ध्यास सरळ उत्तर मिळालें नाहीं.

‘मर्जी’ हा शब्द १९५० च्या राज्यघटनेच्या १६४ व्या अनुच्छेदांतहि आला. राज्यपालांनीं साधारणतः मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानेंच चालावें, हें सर्वोच्च न्यायालयानें १९७४ मध्यें शमशेरसिंग खटल्यांत निःसंदिग्धपणें सांगितलें.

खऱ्यांचें नवें मंडळ तीन दिवसहि टिकलें नाहीं. २३ जुलैस त्यांनीं राजीनामा दिला. २७ तारखेस पक्षानें शुक्लांस नेता निवडलें, आणि २९ तारखेस, वायलीसाहेबांच्याच कारकीर्दींत, आठ दिवसांपूर्वींचे हे बडतर्फ मंत्री मुख्य प्रधान झाले.