वेल्डिंगच्या दुकानातला पेसमेकर

पिंपरी पेंढारला आमच्या तात्यांचं, म्हणजे माझ्या थोरल्या चुलत्यांचं, वेल्डिंगचं दुकान आहे. कांदा चाळीचे अँगल, ट्रॉलीचे फाळके, खिडक्यांची ग्रिल, हंगामाप्रमाणे काम बदलतं. दोन वर्षांपूर्वी त्यांना चक्कर यायला लागली. नाडी फार हळू चालत होती. पुण्याला नेऊन पेसमेकर बसवला. शुद्धीवर आल्यावर तात्यांनी मला जवळ बोलावलं आणि विचारलं, "आता होल्डर धरायचा का नाही, तेवढं इचार डॉक्टरला."

गावात प्रत्येकाचं मत वेगळं. कुणी म्हणालं, मशीनजवळ गेलात तर संपलंच. कुणी म्हणालं, काही होत नाही. मी वाचायला बसलो, आणि या भीतीचं मूळ मला पेसमेकरच्या इतिहासात सापडलं.

शरीरात बसवलेला पहिला पेसमेकर 8 ऑक्टोबर 1958 रोजी स्टॉकहोममध्ये आर्ने लार्सन यांच्या शरीरात गेला. सर्जन ओके सेनिंग, यंत्र बनवणारे अभियंता रूने एल्मक्विस्ट. यंत्राला आकार द्यायला त्यांनी बूट पॉलिशच्या डबीचा साचा वापरला होता. ते यंत्र काही तासच चाललं. पण लार्सन पुढे वीसहून अधिक पेसमेकर वापरत 2001 पर्यंत, वयाच्या 86 व्या वर्षापर्यंत जगले.

तो पहिला पेसमेकर बहिरा होता. हृदय स्वतः ठोका देतंय का, हे त्याला कळत नसे. तो आपला ठरावीक वेगाने विजेचा धक्का देत राही. 1960च्या दशकाच्या मध्यावर 'डिमांड' पेसमेकर आले. ते आधी हृदयाचं ऐकतात. ठोका आला तर गप्प बसतात, चुकला तरच स्वतः देतात. 1980 मध्ये मिशेल मिरोव्स्की यांच्या प्रयत्नांतून शॉक देणारं यंत्र, आयसीडी, पहिल्यांदा माणसाच्या शरीरात बसवलं गेलं. तेही ऐकूनच निर्णय घेतं.

यंत्राला कान फुटले आणि तेव्हापासूनच चुकीचं ऐकण्याचा धोका सुरू झाला.

हे मला लगेच पटलं, कारण शाळेत असताना विज्ञान दिनाला आम्ही खोडदची दुर्बीण पाहायला गेलो होतो. जीएमआरटी. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने उभी राहिलेली, प्रत्येकी 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेना असलेली. आपला भाग निवडण्याचं एक कारण म्हणजे इथे माणसाने केलेला रेडिओचा गोंगाट कमी होता. आकाशातून येणारा संदेश इतका क्षीण असतो की जवळच्या ठिणगीनेही तो बुडू शकतो. छातीतल्या यंत्राचंही तसंच आहे. हृदयाचा संदेश मोजक्या मिलिव्होल्टचा. तात्यांच्या मशीनमधून मात्र शंभराच्या आसपास अँपिअर वाहतात आणि केबलभोवती चुंबकीय क्षेत्र तयार होतं. पेसमेकरने तो गोंगाट हृदयाचा ठोका समजला तर तो गप्प बसेल आणि स्वतःचा ठोका नसलेला माणूस कोसळेल. आयसीडीने तो जीवघेणी लय समजली तर ती उगाच शॉक देईल. सततचा गोंगाट ओळखला की बरेच पेसमेकर ऐकणं सोडून ठरावीक गतीने ठोके देऊ लागतात. म्हणजे तेवढ्यापुरते पुन्हा 1958 सालचे होतात.

डॉक्टरांनी यंत्र तपासलं. तात्यांचं हृदय स्वतःही बऱ्यापैकी ठोके देत होतं. मग त्यांनी यंत्राच्या कंपनीच्या सूचना वाचून अटींवर परवानगी दिली. करंट 130 अँपिअरच्या आत. ठिणगी आणि केबल छातीपासून किमान 60 सेंटीमीटर दूर. मशीन दीड मीटर लांब. अर्थचा क्लॅम्प जोडाच्या अगदी जवळ. दोन्ही केबल शेजारी शेजारी, कारण जाणारा आणि येणारा करंट जवळून वाहिला की त्यांची क्षेत्रं एकमेकांना बरीचशी मारतात. हातमोजे, बूट आणि जागा कोरडी. रॉड पेटला नाही तर टकटक मारत बसायचं नाही, काही सेकंद थांबायचं, कारण ती टकटक यंत्राला ठोक्यांसारखी वाटू शकते. एकट्याने काम करायचं नाही. चक्कर आली की होल्डर सोडून लांब जायचं. या अटी तात्यांच्या हृदयाच्या आणि यंत्राच्या हिशोबाने होत्या. दुसऱ्या कुणाला डॉक्टर साफ नाहीही म्हणू शकतात.

सगळ्यात अवघड गेली ती खांद्यावर केबल टाकायची सवय सोडणं. तात्यांनी ती आयुष्यभर जपली होती. आणि आठ नंबरचा रॉड गेला. त्याला करंट जास्त लागतो. ट्रॉलीच्या चासीचं जाड काम आता माझा चुलतभाऊ करतो. दहा आणि बारा नंबरचं तात्या करतात.

मागच्या तपासणीत यंत्रातल्या नोंदी काढल्या. गोंगाटाची एकही नोंद नव्हती. तात्या घरी आले, शर्ट बदलला आणि दुकानात गेले. जमिनीवर पडलेली केबल पाहून चुलतभावाला ओरडले, "अर्थ कुठं लावलाय? जवळ घे की!"