नावाविना जन्मलेली फाईल

युनिक्समध्ये प्रारंभापासून एक विलक्षण गोष्ट आहे: नाव हा फाईलचा भागच नाही. फाईलची खरी ओळख म्हणजे तिचा आयनोड. नाव ही केवळ डिरेक्टरीतील एक नोंद. म्हणूनच उघडलेल्या फाईलचे नाव पुसून टाकले, तरी ती वापरणारा प्रोग्रॅम तिला बंद करीपर्यंत आतला मजकूर शाबूत राहतो. तात्पुरती फाईल इतरांपासून दडवण्याची ही युक्ती जुनीच. अडचण होती ती जन्माच्या क्षणाची, कारण फाईल निर्माण करायची तर आधी नाव द्यावेच लागे.

तेही बहुधा ‘टीएमपी’ या सर्वांना लिहिण्यास मोकळ्या डिरेक्टरीत. ‘एमकेटेम्प’ हे फंक्शन न वापरलेले नाव सुचवी. काही आवृत्त्यांत ते प्रोसेस क्रमांकाला एक अक्षर जोडून बने, म्हणजे शक्यता फार तर २६! नाव सुचवणे आणि फाईल उघडणे यांमधल्या क्षणार्धात हल्लेखोर त्याच नावाची सिम्बॉलिक लिंक ठेवी, आणि रूट अधिकाराने चालणारा प्रोग्रॅम आपला कच्चा मजकूर निःशंकपणे प्रणालीच्या एखाद्या महत्त्वाच्या फाईलवर लिहून टाकी. डिरेक्टरीवरील ‘स्टिकी बिट’ येथे निरुपयोगी. तो दुसऱ्याची फाईल पुसू देत नाही, नवे नाव घालण्यास मात्र मज्जाव करत नाही.

‘एमकेएसटेम्प’ने तपासणी व निर्मिती एकाच अविभाज्य कृतीत आणली. माझ्या मते निम्मी लढाई तेथेच जिंकली गेली. तरी एमकेटेम्प पॉझिक्स मानकातून वगळले गेले ते २००८ च्या आवृत्तीत. शिवाय नाव पुसण्याआधीच प्रोग्रॅम कोसळला, तर फाईल मागे उरेच.

सप्टेंबर २०१३ मधील लिनक्स ३.११ मध्ये अल व्हिरो यांनी ‘ओ-टीएमपीफाईल’ ही सोय आणली. प्रोग्रॅम फक्त डिरेक्टरी सांगतो. कर्नल तिच्या फाईलप्रणालीत निनावी आयनोड देतो. मजकूर व परवानग्या पूर्ण झाल्यावर हवे तर ‘लिंकअॅट’ने नाव देता येते, त्यामुळे अर्धवट फाईल कोणाच्याही दृष्टीस पडत नाही. नाव कधीच नको असेल, तर तेही आधीच ठरवता येते.

फाईलप्रणालीचा पाठिंबा मात्र हवा. एक्सएफएस व बीटीआरएफएस यांनी तो २०१४ मध्ये दिला. संशोधनसंस्थांच्या सामायिक संगणकांवर सर्रास आढळणाऱ्या एनएफएसवर ही सोय नाही. तेथे उघडी फाईल पुसली, की ‘.एनएफएस’ने सुरू होणारे विचित्र नाव घेऊन ती तशीच उरते.