गंभीर आजारानंतर मुलांची स्मरणशक्ती : परिणाम दिसतो शाळेत

बेंगळुरू : मेंदूज्वर किंवा क्षयरोगजन्य मेंदूआवरणदाह अशा गंभीर आजारातून वाचलेले मूल घरी परतले, चालू-बोलू लागले, की ते पूर्ण बरे झाले असे मानले जाते. मात्र शिकण्याच्या व लक्षात ठेवण्याच्या क्षमतेची हानी पुष्कळदा त्यानंतर काही महिन्यांनी किंवा वर्षांनी, वर्गात उघड होते.

जपानी मेंदूज्वर हे याचे ठळक उदाहरण आहे. भारतात हा आजार प्रथम १९५५ मध्ये वेल्लोर येथे आढळला. जागतिक आरोग्य संघटनेनुसार लक्षणे दिसलेल्या रुग्णांतील मृत्यूचे प्रमाण ३० टक्क्यांपर्यंत असू शकते. वाचलेल्यांपैकी २० ते ३० टक्के रुग्णांत बौद्धिक, वर्तनविषयक किंवा मज्जासंस्थेचे कायमस्वरूपी दोष राहतात. बेंगळुरूजवळच्या कोलार भागातील रुग्णाकडून मिळालेल्या विषाणूपासून 'जेनव्हॅक' ही स्वदेशी लस तयार झाली व २०१३ मध्ये उपलब्ध झाली. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेचा तीत सहभाग होता.

नव्या आठवणी साठवण्यात मेंदूतील हिप्पोकॅम्पस हा भाग महत्त्वाचा असतो. प्राणवायूची कमतरता, दीर्घकाळ चाललेले झटके व दाह यांचा त्याला मोठा धोका असतो. नियोजन व एकाग्रतेशी निगडित अग्रखंड किशोरवयानंतरही विकसित होत राहतो. त्यामुळे पाचव्या वर्षी झालेली इजा लगेच जाणवत नाही. अभ्यासक्रम वाढला की उणीव समोर येते. दोन-तीन सूचना एकाच वेळी लक्षात न राहणे, काल पाठ केलेले आज न आठवणे, लवकर थकणे, चिडचिड ही त्याची लक्षणे होत. पालक व शिक्षक याला आळस समजण्याची शक्यता असते.

बेंगळुरूच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य व मज्जाविज्ञान संस्थेने (निम्हान्स) ५ ते १५ वर्षे वयोगटातील भारतीय मुलांसाठी मज्जामानसशास्त्रीय चाचण्यांचा संच विकसित केला आहे. शाब्दिक स्मृतीच्या चाचणीत शब्दांची यादी मुलाला अनेकदा ऐकवली जाते व काही वेळाने पुन्हा विचारली जाते. मूल शिकतच नाही, की शिकलेले टिकत नाही, हा फरक त्यातून कळतो आणि अध्यापनाची दिशा ठरते. पाठाचे लहान भाग करणे, ठरावीक अंतराने उजळणी, लेखी व चित्ररूप सूचना, तसेच शाळेत टप्प्याटप्प्याने पुनरागमन हे उपाय उपयुक्त ठरतात.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये बौद्धिक दिव्यांगत्व व जुनाट मज्जाविकारांचा समावेश आहे. ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व प्रमाणित झाल्यास ६ ते १८ वर्षे वयाच्या मुलांना मोफत शिक्षणाचा हक्क मिळतो. त्यासाठी वेळेत तपासणी आवश्यक असते. म्हणूनच रुग्णालयातून सुट्टी मिळताना पुढील तपासणीची तारीख ठरवून घेणे आणि शाळेला आजाराची माहिती देणे महत्त्वाचे ठरते.