खोताच्या घरातला बापू

दरसाल दिवाळीच्या आधी माळ्यावरची ट्रंक खाली उतरते, झाडली जाते आणि पुन्हा वर जाते. पनवेलच्या आमच्या घराचा हा जुना परिपाठ. गेल्या वर्षी मात्र मी ती उघडली. आत एकाच फडक्यात दोन वस्तू बांधलेल्या होत्या. एक, श्री. ना. पेंडसे यांच्या ‘गारंबीचा बापू’ या कादंबरीची पिवळी पडलेली प्रत. दुसरी, कुळांनी माझ्या पणजोबांना लिहून दिलेल्या कबुलायतींचा जुडगा. प्रत्येक कबुलायतीच्या तळाशी सहीऐवजी शाईचा आंगठा. गाठ आजीच्या हातची होती, हे मी पाहताक्षणी ओळखले.

आम्ही मूळचे अलिबागेकडच्या खारेपाटातले खोत. घराणे लहानच, पण खोत म्हटला की लहान काय आणि मोठा काय! सरकारचा सारा गोळा करून भरायचा, हे खोताचे काम. पण मधल्या मध्ये तो गावाचा धनी होऊन बसे. जमीन कुळाने कसायची, खाडीचे पाणी शिरून बांध फुटला तर तो कुळाने बांधायचा, आणि खळ्यावर भाताची रास पडली की पहिला हात खोताचा. शिवाय खोताच्या घरचे लग्नकार्य निघाले की वेठ होतीच.

याच खारेपाटात २७ ऑक्टोबर १९३३ रोजी चरी गावी शेतकऱ्यांची सभा भरली. नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली ठरले की, योग्य वाटा मिळेपर्यंत खोताची जमीन कसायची नाही. बोलणे सोपे होते. पण ज्याचे पोट शेतावर त्यानेच नांगर ठेवायचा, म्हणजे काय होते ते मनात आणून पाहा. माणसांनी जंगलातून लाकूडफाटा आणून विकला, मासे धरले. पण संप मोडला नाही. १९३४ च्या डिसेंबरात डॉ. बाबासाहेब आंबेडकर चरीला आले आणि १७ सप्टेंबर १९३७ रोजी त्यांनी मुंबईच्या विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. संप १९३९ पर्यंत चालला. पुढे १९४८ चा कूळकायदा आला, १९४९ चा खोती निर्मूलनाचा कायदा आला, आणि १ एप्रिल १९५७ या कृषक दिनी कसणारा हा जमिनीचा मालक ठरला. आमची जमीन गेली ती या वाटेने. वडील नोकरीसाठी पनवेलला आले, आणि मागोमाग आजी आली.

‘गारंबीचा बापू’ निघाली १९५२ साली, म्हणजे खोती कायद्याने गेल्यानंतर. तिच्यातला बापू हा दरिद्री ब्राह्मणाचा पोर. तो गावच्या अण्णा खोतापुढे मान लववीत नाही, चहाचे दुकान चालवणाऱ्या राधेला उघडपणे आपली म्हणतो, आणि सुपारीच्या व्यापारात पुढे येऊन गावाला आपली दखल घ्यायला लावतो. वाचकांनी बापूला डोक्यावर घेतले. आमच्या घरात मात्र ती वाचणारी एकटी आजी. ‘खोताच्या घरात हे पुस्तक कशाला?’ असे वडील म्हणत. आजी म्हणे, ‘अण्णा ओळखीचा वाटतो म्हणून.’

हे पुस्तक मी तीनदा वाचले, तेव्हा कुठे तिच्या गाठीचा अर्थ कळू लागला. बापूचे बंड एकट्याचे आहे. चरीचे बंड गावाचे होते. बापू खोताशी भांडतो ते मानासाठी. चरीची कुळे भांडली ती रास आणि मान दोन्हींसाठी. पेंडशांनी माणूस रंगवला, आणि तो अस्सल रंगवला. पण आंगठे उठवणाऱ्यांची गोष्ट त्या पुस्तकात मुख्य नाही. ती या जुडग्यात आहे. आजीने दोन्ही अर्धुके एकत्र बांधून ठेवली होती.

कायदा झाला नसता तर? उत्तरासाठी दूर जायला नको. पाकिस्तानात जमिनीची कमाल मर्यादा ठरवणारे कायदे १९५९ आणि १९७२ साली झाले. पण मोठी जमीनदारी पुरती हटली नाही, आणि १९८९ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाच्या शरियत पीठाने अशी मर्यादाच इस्लामविरोधी ठरवली. मोहसीन हमीद यांच्या ‘मॉथ स्मोक’ (२०००) या कादंबरीत लाहोरच्या बँकेतला एक तरुण बड्या जमीनदार गिऱ्हाइकाला उलट बोलतो आणि त्याची नोकरी जाते. पुढे तो घसरतच जातो. बँक नवी, काचेच्या खोल्या नव्या, आणि आत बसलेला अण्णा खोत जुनाच! बापूला सुपारीने तारले. त्या तरुणाला तारणारे काही नव्हते.

आपण मात्र फार फुशारू नये. जी जमीन कुळांनी एवढ्या कष्टाने मिळवली, तीच १९७० नंतर पनवेल-उरणच्या पट्ट्यात नव्या शहरासाठी संपादन झाली. पुन्हा माणसे उभी राहिली, दि. बा. पाटील पुढे झाले, आणि १९८४ च्या जानेवारीत उरण तालुक्यात गोळीबारात पाच जणांनी प्राण दिले. साडेबारा टक्के विकसित भूखंडाचा हक्क त्या रक्तातून आला.

आमच्या एका जुन्या कुळाचा पणतू दर दिवाळीला आमच्याकडे येतो. येताना नव्या भाताचे पोहे आणतो. पूर्वी हे पोहे खोताच्या दारी द्यावेच लागत. आता तो हौसेने आणतो, आणि फराळाचा डबा घेऊन जातो. गेल्या भाऊबीजेला मी जुडगा त्याच्यापुढे ठेवला. मनात धाकधूक होती. त्याने एकेक कागद उलटला आणि आपल्या पणज्याच्या नावापाशी थांबला. त्या आंगठ्यावर बोट ठेवून बराच वेळ बसला.

‘त्याचा फोटो नाही आमच्याकडे काका,’ तो म्हणाला. ‘एवढाच आहे.’

तो कागद मी त्याला दिला. बाकीचे कागदही ज्यांचे त्यांच्या घरी पोचवायचे, असे आम्ही दोघांनी ठरवले आहे. तीन घरे सापडली आहेत. यंदा ट्रंक हलकी झाली. आत आता बापू आहे आणि उरलेला जुडगा.